बुडबुड्यांची करामत

हायड्रॉलिक्सच्या प्रॅक्टिकलला सर सगळ्यात आधी काय सांगतात? मॅनोमीटरच्या नळीतली हवा काढा! एक बुडबुडा राहिला तरी रीडिंग चुकतं. पण रक्त तपासणारं एक यंत्र मुद्दाम नळीत बुडबुडे सोडायचं आणि त्यांच्याच जोरावर चालायचं, असं सांगितलं तर पटेल?

१९५० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत क्लीव्हलँडला माजी सैनिकांच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लिओनार्ड स्केग्ज नावाचे बायोकेमिस्ट होते. तेव्हा रक्तातली साखर किंवा युरिया काढायचा म्हणजे सगळं हातानेच. पिपेटने मोजा (तेही तोंडाने ओढून!), प्रोटीन गाळा, केमिकल घाला, टेस्ट ट्यूब गरम पाण्यात ठेवा, मग कलरीमीटरवर रंग वाचा. नमुने वाढत होते, हात तेवढेच. दमलेल्या हाताची चूक सरळ पेशंटच्या रिपोर्टात.

स्केग्जनी टेस्ट ट्यूबलाच सुट्टी दिली. एकच लांब नळी, तिच्यातून एकामागून एक पेशंटचे नमुने. आपण टूथपेस्ट दाबत पुढे आणतो ना, तसे पंपाचे रोलर नळ्या दाबत जातात. कुठलं द्रव किती, ते नळीच्या आतल्या व्यासावर ठरतं. प्रोटीन वेगळं करायला डायलिसिसचा पडदा. कृत्रिम किडनीवर त्यांनी आधी काम केलंच होतं!

पण खरा घोळ पुढेच आहे. नळीत मधलं द्रव जोरात जातं, भिंतीलगतचं रेंगाळतं. हे आपण व्हायवासाठी घोकतो आणि विसरतो. इथे त्याचा अर्थ असा, की एकाची साखर दुसऱ्याच्या रिपोर्टात. डायबेटिस एकाला, इन्सुलिन भलत्यालाच! म्हणून ठराविक अंतराने हवेचा बुडबुडा. तो नळीभर असल्यामुळे पुढचं-मागचं द्रव फारसं मिसळत नाही, आणि जाता जाता भिंतही पुसली जाते. दोन बुडबुड्यांमधलं द्रव आतल्या आत गोल फिरून छान ढवळलं जातं ते वेगळंच.

मला जास्त आवडलं ते दुसरंच. रिॲक्शन पूर्ण व्हायची वाटच बघायची नाही. स्टँडर्ड आणि पेशंटचा नमुना एकाच नळीतून, तेवढाच वेळ जातात, म्हणून अर्धवट रंगाचीही तुलना बरोबर येते. मात्र स्टँडर्डच चुकीचं बनवलं, तर सगळ्यांचेच रिपोर्ट एकदम चुकणार.

१९५७ मध्ये टेक्निकॉन कंपनीने हे यंत्र ‘ऑटोॲनलायझर’ नावाने बाजारात आणलं. आजच्या हॉस्पिटलमधल्या बहुतेक मशीनमध्ये प्रत्येक टेस्टला वेगळी छोटी क्युव्हेट असते. तिथे बुडबुडा पुन्हा शत्रू झालाय. नमुन्यावर फेस असला की सुई रक्ताऐवजी हवाच ओढते, आणि आकडा खोटा येतो.