किरणांचे हिशेबनीस

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अणुशास्त्राच्या वाटेला का जावे, असा प्रश्न हा लेख पाहून कोणाच्याही मनात येईल. माझी शास्त्राशी ओळख दहावीच्या मराठी पाठ्यपुस्तकापुरतीच आहे. परंतु गेल्या वर्षी पाच आठवडे एका रुग्णालयात रोज जाण्याचा प्रसंग आला आणि तेथे जे पाहिले ते शेवटी हिशेबाचेच निघाले. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझ्या आत्याला कर्करोगावर किरणोपचार घ्यावयाचे होते. आठवड्यातून पाच दिवस, असे एकूण २५ दिवस. तिला सकाळी घेऊन जाणे आणि परत आणणे हे काम माझ्याकडे होते. एके दिवशी आठची वेळ असताना पावणेनऊ झाले तरी पहिला रुग्ण आत गेला नाही. यंत्राचे मापन चालू आहे एवढेच उत्तर मिळे. लोक कुरकुरू लागले. मलाही कॉलेजला उशीर होत होता, तेव्हा मीही त्या कुरकुरीत भर घातली. तेवढ्यात आतून एक तरुण मुलगी बाहेर आली. आमचे मराठी बोलणे ऐकून ती आत्याला म्हणाली, "मावशी, जरा बसा. दोन आकडे जुळत नाहीयेत. ते जुळल्याशिवाय आमचे सर कोणालाही आत घेत नाहीत."

ही ताई नांदेडची. भौतिकशास्त्रात एम. एस्सी., त्यावर वैद्यकीय भौतिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही पूर्ण केलेला. तरीही ती तेथे नोकरीला नव्हती, एक वर्षाचे प्रशिक्षण घेत होती. मला नवल वाटले. एवढ्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर आणखी वर्षभर उमेदवारी कशासाठी? हा प्रश्न मी तिला पुढे विचारला. तिने दिलेले उत्तर आणि त्यानंतर माझ्या वाचनात आलेली माहिती, हाच या लेखाचा विषय.

भौतिकतज्ज्ञाचे काम काय?

किरणोपचारात तीन प्रकारची माणसे काम करतात. कोणत्या जागी किती किरणमात्रा द्यावयाची हे डॉक्टर ठरवतात. यंत्र चालवून ती मात्रा प्रत्यक्ष देण्याचे काम तंत्रज्ञ करतात. या दोघांच्या मध्ये वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ असतो. डॉक्टरांनी लिहिलेला आकडा आणि रुग्णाच्या शरीरात प्रत्यक्ष पोहोचलेला आकडा एकच आहे याची हमी त्याने द्यावयाची असते. किरणमात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. दर किलोग्रॅम ऊतकात एक जूल ऊर्जा शोषली गेली की ती एक ग्रे झाली. रोज २ ग्रे ही नेहमीची पद्धत आहे. आत्याचे २५ दिवसांचे ५० ग्रे झाले.

मात्रा कमी पडली तर गाठ उरते, जास्त झाली तर शेजारचा निरोगी भाग भाजतो. रुग्णाला दिलेली मात्रा ठरवलेल्या मात्रेच्या आगेमागे ५ टक्क्यांच्या आत असावी, असे किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ सालीच सांगितले आहे.

येथे आपल्या आणि त्यांच्या हिशेबात एक मोठा फरक आहे. दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तर गिऱ्हाईक ते जागच्या जागी मोजून घेते. किरण दिसत नाहीत, त्यांचा वास येत नाही, ते टोचतही नाहीत. ५० ग्रेऐवजी ५३ ग्रे मिळाले तरी रुग्णाला त्या दिवशी काहीच कळत नाही. ज्याच्या खात्यावर नावे पडते त्याला खातेच वाचता येत नाही, असा हा व्यवहार आहे.

त्या सकाळी काय झाले?

पुढे ओळख वाढल्यावर ताईने त्या उशिराचे कारण सांगितले. ते सांगताना तिने स्वतःची चूक लपवली नाही.

यंत्रातून किती किरण निघतात हे मोजण्यासाठी हवेने भरलेली एक लहानशी कुपी वापरतात. तिला आयनन कक्ष म्हणतात. किरणांमुळे कुपीतील हवेत विद्युतभार तयार होतो आणि तो मोजून मात्रा काढतात. परंतु ही कुपी बाहेरच्या हवेला मोकळी असते. हवा विरळ असली की कुपीत हवेचे कण कमी राहतात आणि आकडा कमी येतो. माप तेच, पण आत माल कमी, असे म्हणा ना! म्हणून त्या दिवसाचे तापमान आणि हवेचा दाब लक्षात घेऊन आकडा दुरुस्त करावा लागतो.

आता आपले हैदराबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे. मुंबईला हवेचा दाब साधारण १०१० हेक्टोपास्कल असेल, तर येथे तो ९५० च्या आसपास असतो. हा फरक सुमारे ६ टक्क्यांचा आहे. मात्र हवामानाच्या बातमीत किंवा मोबाइलवर हैदराबादचा दाब पाहिला तर तेथेही १०१० च्याच जवळचा आकडा दिसतो. कारण निरनिराळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामानखाते सर्व ठिकाणचे दाब समुद्रसपाटीवर आणून देते.

त्या दिवशी सरांनी एक मापन करून ताईला त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करावयास सांगितले होते. तिने दाब मोबाइलवरून घेतला, सरांनी खोलीतल्या वायुभारमापकावरून घेतला. दोन उत्तरांत ६ टक्क्यांचा फरक पडला. सरांनी "माझेच बरोबर" असे म्हटले नाही. दोघांनी पहिल्यापासून सर्व मापन पुन्हा केले आणि पाऊण तासाने चूक सापडली. ताईचा आकडा धरला असता तर यंत्र ६ टक्के कमी किरण देते असा समज झाला असता. ते भरून काढण्यासाठी यंत्र जास्त चालवले गेले असते आणि ही चूक २५ दिवस तशीच राहिली असती तर आत्याला ५० च्या जागी ५३ ग्रे मिळाले असते. म्हणजे दीड दिवसाची जादा मात्रा.

"हे सूत्र मला परीक्षेत आलं होतं," ताई म्हणाली. "पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पण तिथे दाबाचा आकडा प्रश्नपत्रिकेतच छापलेला होता ना!"

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. परीक्षेत आकडे दिलेले असतात. कामावर ते आपण आणावयाचे असतात आणि कोठून आणले याचा जाब द्यावयाचा असतो.

आपल्या देशातील परंपरा

हा व्यवसाय आपल्याकडे नवा नाही. मदनपल्लीचे डॉ. पत्तिपाटी रामय्या नायडू हे पॅरिसला मेरी क्यूरी यांच्या हाताखाली शिकलेले. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील भौतिकीच्या कामाचा पाया त्यांनी घातला. 'अनुराधा' चित्रपटातील अभिनेत्री लीला नायडू या त्यांच्याच कन्या. पुढे १९६२ साली तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने किरण-भौतिकीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या शहरात रेड हिल्सवरील मेहदी नवाज जंग यांच्या नावाची कर्करोग संस्था १९५५ सालची. हे मेहदी नवाज जंग पुढे १९६० साली गुजरातचे पहिले राज्यपाल झाले.

१९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. किरणोपचार विभागातील भौतिकतज्ज्ञाची पात्रता आता हे मंडळ ठरवते. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर वैद्यकीय भौतिकीची पदविका, किंवा वैद्यकीय भौतिकीतच एम. एस्सी., आणि त्यावर सुसज्ज किरणोपचार विभागात किमान १२ महिन्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, अशी अट आहे. अमेरिकेत यालाच रेसिडेन्सी म्हणतात. तेथे मान्यताप्राप्त रेसिडेन्सी केल्याशिवाय २०१४ पासून प्रमाणपत्राच्या परीक्षेचा मार्गच खुला होत नाही आणि तिचा काळ साधारण दोन वर्षांचा असतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची शिफारसही किमान दोन वर्षांचीच आहे.

वर्षभरात काय शिकतात?

आपल्या भाषेत सांगावयाचे तर रोजमेळ, घसारा आणि लेखापरीक्षण या तिन्ही गोष्टी शिकतात.

रोजमेळ म्हणजे सकाळची तपासणी. पहिला रुग्ण येण्यापूर्वी यंत्राचे उत्पादन पाहावयाचे आणि वहीत नोंदवावयाचे. अमेरिकेतील भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००९ च्या नियमावलीप्रमाणे रोजच्या तपासणीत ३ टक्के आणि मासिक तपासणीत २ टक्के एवढाच फरक चालतो.

घसारा म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्याचा क्षय. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे. त्याची शक्ती वर्षाला सुमारे १२.३ टक्क्यांनी घटते. परंतु ही घट आपल्या घटत्या शिलकीच्या पद्धतीची आहे, सरळ रेषेची नव्हे. सरळ रेषेने धरले तर आठेक वर्षांत शून्य उरेल, प्रत्यक्षात साडेदहा वर्षांनंतरही पाव भाग शिल्लक असतो. आज ज्या रुग्णाला २ मिनिटे लागतात, त्याच मात्रेसाठी वर्षानंतर सुमारे २ मिनिटे १७ सेकंद लागतात. शरीराच्या आतून उपचार करण्यासाठी वापरतात त्या इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य तर अवघे ७४ दिवस. तेथे हिशेब दररोज बदलतो.

लेखापरीक्षण म्हणजे एकाने केलेली गणना दुसऱ्याने स्वतंत्रपणे पडताळणे. याशिवाय संगणकावर उपचाराची आखणी करणे, भिंतींपलीकडे किरण जातात का ते पाहणे, कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यांवरून त्यांना मिळालेल्या मात्रेची नोंद ठेवणे, ही कामे आहेतच.

हिशेब चुकला तर?

जगात याची उदाहरणे घडलेली आहेत. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कोलंबस शहरी १९७४ ते १९७६ या काळात एका रुग्णालयात कोबाल्टच्या क्षयाचा आलेखच चुकीचा काढला गेला. सुमारे २२ महिने कोणी प्रत्यक्ष मापन करून तो पडताळला नाही. ४२६ रुग्णांना जादा मात्रा मिळाली, काहींना ४५ टक्क्यांपर्यंत. १९९६ साली कोस्टा रिकाच्या सान होसे शहरी कोबाल्टचा नवा स्रोत बसवला. त्याच्या मापनात ०.३ मिनिट ही वेळ ३० सेकंद अशी धरली गेली. ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद! चूक उघडकीस येईपर्यंत महिनाभर गेला आणि ११५ रुग्णांना दीडपटीहून अधिक मात्रा मिळाली. त्यांतील काही जण दगावले.

वाचकहो, दशांशाची ही चूक आठवीतला मुलगाही दाखवून देईल. ती करणारे अडाणी नव्हते. त्यांचा आकडा दुसऱ्याने पाहिला नाही, एवढेच. ज्ञान कमी पडल्यामुळे अनर्थ होतो असे आपण समजतो. येथे पडताळणीची सवय कमी पडली आणि सवय पुस्तकातून लागत नाही. ती लावणारा माणूस शेजारी उभा असावा लागतो.

चार्टर्ड अकौंटंटच्या परीक्षा कितीही चांगल्या गुणांनी दिल्या तरी आर्टिकलशिप केल्याशिवाय ताळेबंदावर सही करता येत नाही, हे आपण जाणतोच. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. पैशाच्या हिशेबासाठी दोन वर्षे आणि देहाच्या हिशेबासाठी आपल्या देशात किमान एक, ही तुलना मला अस्वस्थ करते. प्रशिक्षणाचा काळ वाढवला तर त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मलाही पडतो. उमेदवाराला दोन वर्षे विद्यावेतनाशिवाय राबवणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. परंतु कोस्टा रिकातल्या त्या एका महिन्याची किंमत मांडून पाहिली, तर विद्यावेतनाची रक्कम खर्चाच्या बाजूला न लिहिता विम्याच्या हप्त्यासारखी धरावी, असे मला वाटते.

असो. आत्याचे उपचार पूर्ण झाले आणि ती आता बरी आहे. शेवटच्या दिवशी तिने ताईला घरचे बेसनाचे लाडू नेऊन दिले. ताईचे वर्षही तेव्हा संपत आले होते. मी सहज विचारले, "ताई, आता तुम्ही एकट्या मापन करू शकाल ना?"

"करेन," ती म्हणाली, "पण दुसऱ्या कोणालातरी तपासायला लावेन."

त्यानंतर घरी आत्याचा औषधांचा हिशेब लिहिताना मी बेरीज दोनदा करू लागलो आहे. दुसऱ्यांदा खालून वर.