एक फाईल, अनेक निर्णय
संदेश-सर्व्हरच्या सेटिंग फाईलचा परिचय

शासकीय कारभारात निर्णयाइतकेच महत्त्व तो निर्णय वेळेवर पोहोचण्याला आहे. उजनी धरणातून भीमा नदीत पाणी सोडावयाचे ठरले, तर त्याची सूचना पंढरपूर व मंगळवेढा तालुक्यांतील नदीकाठच्या गावांपर्यंत तातडीने गेली पाहिजे. आषाढी वारीच्या काळात लाखो वारकरी पंढरीत जमतात, तेव्हा आरोग्य, पाणीपुरवठा आणि पोलीस या विभागांना एकमेकांशी क्षणोक्षणी संपर्क ठेवावा लागतो. पूर्वी हे काम बिनतारी यंत्रणा, दूरध्वनी आणि तार यांच्यावर अवलंबून होते. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज बहुतेक कचेऱ्यांत भ्रमणध्वनीवरील संदेशांचे गट हे काम करीत आहेत.

हे गट ज्या यंत्रावर चालतात ते यंत्र बहुधा दूरच्या एखाद्या कंपनीचे असते आणि त्यावरील नियमही त्या कंपनीचेच असतात. परंतु संस्थेला, कचेरीला किंवा महाविद्यालयाला स्वतःचा संदेश-सर्व्हर उभारता येतो. त्यासाठी लागणारी आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहे. अशा वेळी कोणाला प्रवेश द्यावा, कोणाला अधिकार द्यावेत, संदेश किती दिवस जपावेत, हे सर्व त्या संस्थेनेच ठरवावयाचे असते. हे निर्णय एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिले जातात. ती फाईल म्हणजे काय आणि ती जबाबदार व्यक्तीने कशी वाचावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पडद्याआड राबणारा कार्यक्रम

संगणकावरील काही कार्यक्रम आपण उघडतो, वापरतो आणि बंद करतो. काही कार्यक्रम मात्र यंत्र सुरू होताच जागे होतात व कोणाच्याही नजरेस न पडता अहोरात्र काम करतात. त्यांना इंग्रजीत ‘डीमन’ म्हणतात. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत ‘प्रोजेक्ट मॅक’वर काम करणाऱ्या मंडळींनी हा शब्द रूढ केला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल याने आपल्या एका विचारप्रयोगात वायूचे कण निवडत बसणारा एक अदृश्य प्राणी कल्पिला होता. त्यावरून हे नाव सुचले. भुताखेतांशी त्याचा संबंध नाही. आपल्या परिचयाचे उदाहरण द्यावयाचे, तर विक्रमाने हाक मारताच हजर होणाऱ्या वेताळाचे देता येईल. संदेश-सर्व्हर हा असाच एक सेवक होय. त्याला पडदा नसतो, बटणे नसतात. त्याला काय करावयाचे हे सांगण्याचा मुख्य मार्ग म्हणजे त्याची सेटिंग फाईल.

सोलापूरकरांना ही कल्पना समजणे अवघड जाऊ नये. येथील जेकार्ड चादर देशभर प्रसिद्ध असून तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. फ्रान्समधील जोसेफ मारी जाकार याने १८०४ मध्ये आपला माग सिद्ध केला, तेव्हा त्याने नक्षीची माहिती मागातून काढून छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर ठेवली. माग तोच, सूत तेच. पुठ्ठ्यांची माळ बदलली की नक्षी बदलते. आणि पुठ्ठ्यावर एक छिद्र चुकले, तर ती चूक त्या माळेवर विणलेल्या प्रत्येक चादरीत उतरते. सर्व्हरची आज्ञावली म्हणजे माग आणि सेटिंग फाईल म्हणजे ती पुठ्ठ्यांची माळ, असे म्हणावयास हरकत नाही.

थोडा पूर्वेतिहास

फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन या तरुणाने ऑगस्ट १९८८ मध्ये ‘इंटरनेट रिले चॅट’ ही संभाषणसेवा सुरू केली. ऑगस्ट १९९१ मध्ये सोव्हिएत संघात सत्तापालटाचा प्रयत्न झाला, तेव्हा तेथील बातम्या या सेवेवरून बाहेरच्या जगाला कळत होत्या. या सर्व्हरच्या जुन्या फाईलमध्ये प्रत्येक ओळ एका रोमन अक्षराने सुरू होई. ‘एम’ ओळीत सर्व्हरचे नाव, ‘ए’ ओळीत व्यवस्थापकाची माहिती, ‘आय’ ओळीत कोणास प्रवेश आहे ते, ‘ओ’ ओळीत विशेषाधिकार असणाऱ्यांची नावे आणि ‘के’ ओळीत कोणास मज्जाव आहे ते लिहिले जाई. एवढ्या पाच अक्षरांत एका लहानशा समाजाची राज्यघटनाच सामावली होती.

पुढे जानेवारी १९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी ‘जॅबर’ ही पद्धती जाहीर केली. तीच आता ‘एक्स.एम.पी.पी.’ या नावाने ओळखली जाते. या पद्धतीचा ‘एजॅबर्डी’ नावाचा सर्व्हर २००२ मध्ये तयार होऊ लागला. व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने आपल्या सेवेचा आरंभ त्याचाच आधार घेऊन केला होता. याच पद्धतीचा ‘प्रॉसडी’ हा आणखी एक सर्व्हर लहान संस्थांना सोयीचा आहे. त्याच्या फाईलचे उदाहरण पुढे घेतले आहे.

फाईल कशी वाचावी?

समजा, एखाद्या पंचायत समितीने आपले कर्मचारी, ग्रामसेवक आणि शिक्षक यांच्यासाठी असा सर्व्हर उभारला आहे. फाईलमधील शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीत असतात; येथे ते सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. फाईल हाती आल्यावर तिला पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : ही सेवा कोणाच्या नावाने चालते? ‘व्हर्च्युअल होस्ट’ या शब्दापुढे संस्थेचे नाव असते. एकाच यंत्रावर अशी दोन-तीन घराणी नांदू शकतात. उदाहरणार्थ, एक कर्मचाऱ्यांसाठी व दुसरे शिक्षक-प्रशिक्षणासाठी.

दुसरा प्रश्न : प्रवेश कोणाला? ‘अलाऊ रजिस्ट्रेशन’ या ओळीपुढे ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, असे असल्यास खाते केवळ व्यवस्थापकच उघडून देऊ शकतो. तेथे ‘ट्रू’ लिहिले, तर कोणीही परका मनुष्य आपले खाते उघडू शकतो आणि पंचायत समितीच्या नावाने संदेश पाठवू शकतो. पुराच्या रात्री अशा खोट्या खात्यावरून एक अफवा सुटली, तर तिचे परिणाम काय होतील हे सांगावयास नको. एका शब्दाचा हा फरक आहे.

तिसरा प्रश्न : अधिकार कोणाला? ‘अ‍ॅडमिन्स’ या ओळीतील महिरपी कंसात व्यवस्थापकांची खाती लिहिलेली असतात. बदली झालेल्या किंवा निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याचे खाते येथे राहून गेले, तर कपाटाची एक किल्ली बाहेर राहिली असे समजावे. कार्यभार सोपविण्याच्या यादीत या ओळीचा समावेश असणे इष्ट होय. चर्चागट कोणी निर्माण करावेत हेही एका निराळ्या ओळीत ठरविता येते.

चौथा प्रश्न : वाटेत संदेश सुरक्षित आहे काय? ‘सी टू एस रिक्वायर एन्क्रिप्शन’ या ओळीपुढे ‘ट्रू’ असल्यास सांकेतिक रूपावाचून कोणाचीही जोडणी स्वीकारली जात नाही. मात्र हे संरक्षण वापरणारा आणि सर्व्हर यांच्यामधील वाटेपुरते असते. सर्व्हरवर साठलेला संदेश त्याचा व्यवस्थापक पाहू शकतो. पाठविणारा व घेणारा यांनी स्वतंत्र सांकेतिक पद्धत वापरली असेल, तरच तो त्याच्यापासून झाकलेला राहतो. लाभार्थ्यांचे आजार, बँक खाती किंवा विद्यार्थ्यांच्या अडचणी यांसंबंधी लिहिताना ही मर्यादा ध्यानात असावी.

पाचवा प्रश्न : काय जपले जाते आणि किती दिवस? ‘आर्काइव्ह एक्स्पायर्स आफ्टर’ या ओळीपुढे ‘१ डब्ल्यू’ असेल, तर संदेशांचा संग्रह एका आठवड्यानंतर पुसला जातो. यंत्राच्या दृष्टीने हा जागेचा प्रश्न आहे. प्रशासनाच्या दृष्टीने तो अभिलेखाचा प्रश्न आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील ‘माहिती’ या संज्ञेत ई-मेल व इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकूर अंतर्भूत आहे. दुसऱ्या बाजूस, व्यक्तीची खासगी माहिती गरजेपेक्षा अधिक काळ साठवू नये, हे तत्त्व संसदेने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने मांडले आहे. कार्यालयीन निर्णयाचा संदेश आठवड्यात नाहीसा होणे जितके अयोग्य, तितकेच रुग्णाच्या आजाराचा उल्लेख वर्षानुवर्षे पडून राहणे अयोग्य. या दोहोंचा तोल तंत्रज्ञाने एकट्याने साधावा, अशी अपेक्षा धरणे न्याय्य नाही.

संदेशांचा संग्रह आणि यंत्राची नोंदवही या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. कोणी केव्हा प्रवेश केला, कोणाचा प्रयत्न फसला, याची नोंद ‘लॉग’मध्ये होते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवावयाच्या असतात आणि ते निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत.

घ्यावयाची दक्षता

प्रॉसडीच्या फाईलमध्ये ओळीचे स्थान अर्थपूर्ण असते. पहिल्या ‘व्हर्च्युअल होस्ट’ ओळीच्या आधी लिहिलेला नियम सर्व घराण्यांना लागू होतो. तिच्यानंतर लिहिलेला नियम त्या त्या घराण्यापुरताच राहतो. घाईत कोणी जतनाची मुदत ठरविणारी ओळ फाईलच्या अगदी तळाशी लिहिली, तर ती केवळ शेवटच्या घराण्यास लागू होईल. ही व्याकरणाची चूक नसल्यामुळे यंत्र थांबत नाही आणि आपला नियम सर्वांना लागू झाला, असा समज मात्र होऊन बसतो. जिल्ह्याचा नियम तालुक्याच्या परिपत्रकात लिहावा तसाच हा प्रकार होय.

एखादे अवतरणचिन्ह किंवा कंस राहून गेल्यास सर्व्हर सुरूच होत नाही. एजॅबर्डीच्या फाईलमध्ये ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. म्हणून बदल करण्यापूर्वी जुन्या फाईलची प्रत काढून ठेवावी आणि बदलानंतर फाईल तपासण्याची आज्ञा चालवावी. प्रॉसडीत तशी सोय आहे. सर्व्हर फाईल सतत वाचत नसतो. बदल केल्यावर त्याला ‘पुन्हा वाच’ असा संकेत द्यावा लागतो आणि काही बदलांसाठी सेवा थांबवून नव्याने सुरू करावी लागते. हे काम वारीच्या किंवा पुराच्या दिवशी हाती घेऊ नये. फाईलमध्ये कधी कधी परवलीचे शब्दही असतात. म्हणून ती वाचण्याची मुभा मोजक्यांनाच असावी.

मराठीतील नोंद

सोलापूर जिल्ह्यात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा नित्य बोलल्या जातात. एक्स.एम.पी.पी. पद्धतीत सर्व मजकूर युनिकोडच्या ‘यू.टी.एफ.-८’ रूपातच पाठवावयाचा असल्यामुळे या चारही भाषांतील संदेश सुखरूप पोहोचतात. सेटिंगचे शब्द इंग्रजी असले, तरी फाईलमध्ये टिपा मराठीत लिहिता येतात. प्रॉसडीत दोन आडव्या रेघांनंतरचा मजकूर यंत्र वाचत नाही. तो माणसांसाठी असतो. प्रत्येक महत्त्वाच्या ओळीच्या वर हा नियम कोणत्या आदेशान्वये, कोणत्या दिनांकास आणि कोणत्या कारणाने केला, एवढे लिहिले, तर उद्या येणाऱ्या कर्मचाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.

ग्रामसभेचा ठराव सर्वांसमोर वाचून दाखविण्याची प्रथा आहे, कारण त्याने सर्वजण बांधले जातात. सेटिंग फाईलनेही तिचा वापर करणारे सर्वजण बांधले जातात. तिच्यातील परवलीचे शब्द गुप्त राहिलेच पाहिजेत. परंतु प्रवेश, अधिकार आणि जतन यांविषयीचे नियम गुप्त राहण्याचे कारण नाही. ते साध्या मराठीत लिहून मासिक सभेपुढे ठेवावेत, त्यांना मान्यता घ्यावी आणि मगच तंत्रज्ञाने ते फाईलमध्ये उतरवावेत. यंत्र आज्ञा पाळते. आज्ञा देण्याची जबाबदारी मात्र सभेची आणि अधिकाऱ्यांचीच राहते.