वर्णपटाचे वाचन : पहिले धडे

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अवरक्त वर्णपटाचे सॉफ्टवेअर प्रथमच हाताळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो : मूळ फाइल जशीच्या तशी जपावी, काम प्रतीवर करावे. पॉलिस्टायरीनच्या पातळ पटलाचा शोषणपट्टा १६०१ प्रति सेंटिमीटरजवळ येतो, हे तपासून उपकरणाची खात्री करावी. मग आधाररेषा सुधारावी. आलेख गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा. त्यात लहान पट्टे पुसले जातात. ॲस्पिरिनमध्ये १७५० व १६९० च्या आसपास कार्बोनिलचे दोन पट्टे दिसतात. एकच दिसला, तर संगणकाने सुचवलेले नाव वहीत उतरवू नये. औषधातील चूक रुग्णाला भोवते. संगणक अंदाज देतो, पुरावा नव्हे. ‘एहिपस्सिको’, ये आणि पाहा, ही धम्माची कसोटी प्रयोगशाळेतही आपण पाळू या.