विहिरीवरील मोटरीच्या भूगळती खटक्याची तपासणी

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बागाईत शेती आज बव्हंशी विजेच्या पंपांवर उभी आहे. माणिकडोह, येडगाव, वडज व डिंभे या धरणांमुळे कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत पाण्याची सोय झाली आणि ऊस, कांदा व टोमॅटो यांच्या मळ्यांत जागोजागी मोटरी बसल्या. पुष्कळदा विजेची पाळी रात्री येते. अंधारात, ओल्या पायांनी पत्र्याच्या पेटीतील स्टार्टर चालू करण्याचा प्रसंग शेतकऱ्यावर किंवा त्याच्या घरच्या माणसांवर येतो. अशा वेळी पेटीत वीज उतरलेली असल्यास जिवावर बेतते. हा धोका टाळण्यासाठी भूगळती खटका बसविणे अवश्य आहे. परंतु तो नुसता बसवून भागत नाही, तो वेळच्या वेळी तपासला पाहिजे.

फ्यूज पुरेसा का नाही?

पाच अश्वशक्तीची मोटर सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेते व तिचा फ्यूज त्याहून अधिक प्रवाहाचा असतो. तारेचे आवरण खराब होऊन पेटीत वीज उतरली आणि गळतीच्या वाटेचा एकूण विरोध ५० ओहम असला, तर २३० व्होल्ट दाबाने केवळ ४.६ अँपिअर प्रवाह जमिनीत जातो. फ्यूज शाबूत राहतो आणि पेटीतील वीजही तशीच राहते. मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला म्हणजे हा विरोध सहज वाढतो.

माणसाला तर याहून फारच थोडा प्रवाह घातक ठरतो. ६० वॅटच्या जुन्या काचेच्या दिव्यातून सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या सुमारे नवव्या हिश्शाहून, म्हणजे ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह शरीरातून वाहत राहिल्यास हृदयाची क्रिया बिघडू शकते.

खटक्याचे कार्य

भूगळती खटक्यास वायरमन ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. मोटरीकडे जाणाऱ्या सर्व तारा त्यातील एका कड्यातून ओवलेल्या असतात. गेलेला व परत आलेला प्रवाह सारखा असेपर्यंत, तराजूची पारडी समतोल राहावीत तसा, खटका स्थिर राहतो. काही प्रवाह जमिनीत गेला की तोल बिघडतो व खटका पडून पुरवठा तुटतो. माणसाच्या संरक्षणासाठी खटक्यावर ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर, हा आकडा असावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा खटका त्यासाठी पुरेसा नाही.

दरमहा करावयाची तपासणी

१. मोटर बंद करावी, परंतु खटक्यास वीजपुरवठा चालू असावा. कोरड्या जागी, पायात चप्पल घालून व हात पुसून उभे राहावे.

२. पेटीच्या पत्र्यास प्रथम टेस्टर लावावा. तो पेटल्यास पेटीस हात न लावता वायरमनला बोलवावे.

३. खटक्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण क्षणभर दाबावे. दांडी ताबडतोब खाली पडली पाहिजे. बटण दाबून धरू नये. आतील भाग जळण्याचा संभव असतो.

४. दांडी वर करावी. ती टिकली म्हणजे पेटीच्या झाकणावर तारीख लिहावी.

५. दांडी न पडल्यास मोटर वापरू नये. तीन फेजच्या काही खटक्यांत न्यूट्रल जोडलेली नसल्यास बटण काम करीत नाही. खरा दोष कोणता, हे परवानाधारक वायरमनने ठरवावे.

बटणाने काय कळत नाही?

बटण दाबल्याने खटक्याची यंत्रणा हलते एवढेच सिद्ध होते. अर्थिंग चांगले आहे की नाही, हे त्याने मुळीच कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, वायरमनकडून उपकरणाने तपासणी करून घ्यावी. ३० मिलिअँपिअरचा खटका १५ मिलिअँपिअरला पडू नये; ३० मिलिअँपिअरला ०.३ सेकंदाच्या आत व १५० मिलिअँपिअरला ०.०४ सेकंदाच्या आत पडावा. त्याच वेळी अर्थिंगचा विरोधही मोजावा आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालावे. फेज व जमीन यांच्यामध्ये दिवा लावून खटका पाहण्याची रीत धोक्याची आहे. ती कोणीही अवलंबू नये.

हेही ध्यानात ठेवावे की, दोन जिवंत तारांना एकाच वेळी स्पर्श झाल्यास हा खटका माणसास वाचवू शकेल असे नाही. मोटरीवर जादा भार आल्यासही तो पडत नाही. त्यासाठी फ्यूज अथवा एमसीबी हवाच.

खटका वारंवार पडू लागल्यास तो काढून थेट जोड देण्याकडे कल होतो. पाणी देण्याची पाळी चुकू नये, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. परंतु वारंवार पडणारा खटका बहुधा केबलमधील किंवा मोटरीतील ओल दाखवीत असतो. दोष शोधून दुरुस्त करणे हाच त्यावर उपाय होय.

ग्रामसेवकांनी गावातील एका विहिरीवर शेतकऱ्यांना एकत्र करून वायरमनकरवी हे प्रात्यक्षिक दाखवावे. घरातील जी माणसे रात्री मोटर चालू करण्यास जातात, त्यांनाही अवश्य बोलवावे. बटण दाबण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. मात्र न तपासलेल्या खटक्यावर विसंबून पेटीला हात लावणे हे खटका नसण्याइतकेच धोक्याचे आहे.