जुन्या जीपचा गिअर खरखरतो : गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी काय पाहावे?

पिंपरीला टेल्कोचा (२००३ पासून टाटा मोटर्स) कारखाना १९६६ साली उभा राहिला. आज पिंपरीपासून चाकणपर्यंत मोटारधंद्याचा सलग पट्टा आहे. नव्या गाड्यांच्या या पट्ट्यात जुन्या गाड्या दुरुस्त करणारे कारागीरही आहेत, आणि विलीज नमुन्याची जुनी महिंद्र जीप त्यांच्याकडे अजून येते. महिंद्रांचा मोठा कारखाना चाकणलाच आहे. १९४५ मध्ये ही कंपनी स्थापन झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्र अँड मोहंमद’ होते. भागीदार मलिक गुलाम मुहंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. आमच्या तरुणांना हे ठाऊक नसते, म्हणून जाता जाता सांगितले.

आता मुद्द्याकडे वळू. या जीपचा गिअर खरखरला की मालक घाबरतो आणि कित्येकदा ‘पूर्ण सेट गेला’ असे सांगून त्याच्याकडून मोठी रक्कम घेतली जाते. वास्तविक खरखर म्हणजे दात तुटले असे नव्हे. एकमेकांत जाणाऱ्या दोन चाकांचा वेग जुळला नाही, एवढाच तिचा अर्थ. पॉवरलूमवर पिक बदलायचे असेल तर लूम थांबवून चेंज व्हील बदलता येते. गाडीत ती सोय नाही. चाके फिरत असतानाच दातांत दात घालावे लागतात. हा वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश पद्धत कॅडिलॅकने १९२८ मध्ये बाजारात आणली. आपल्या जुन्या जीपच्या टी-९० या तीन गिअरच्या बॉक्समध्ये ती दुसऱ्या व तिसऱ्याला आहे. पहिल्याला आणि रिव्हर्सला नाही. तिथे ते काम ड्रायव्हरच्या पायाने करायचे असते.

हिशेब असा. पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८ आणि दुसऱ्याचे १.५५ आहे. गाडी दुसऱ्यात चढ चढत आहे आणि बॉक्समधून मागे जाणारा शाफ्ट मिनिटाला ५०० फेरे फिरतो आहे, असे धरू. त्या वेळी इंजिन ७७५ फेऱ्यांवर असते. त्याच वेगात पहिला टाकायचा तर ते १४०० वर हवे. नुसता क्लच दाबून दांडा रेटला तर खरखर होणारच. म्हणून डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल करावे, क्लच सोडावा, न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटरने इंजिन वर न्यावे, पुन्हा क्लच दाबून लगेच गिअर टाकावा. मधे क्लच सोडला नाही तर दिलेली रेस बॉक्सच्या आतल्या शाफ्टपर्यंत पोहोचत नाही. नवशिके नेमके तेच विसरतात. ज्या जुन्या ट्रकांत कोणत्याच गिअरला सिंक्रो नाही, तिथे वर जाताना उलट करावे : न्यूट्रलमध्ये रेस न देता क्षणभर थांबून इंजिन उतरू द्यावे.

हे निव्वळ मशीनच्या फायद्यासाठी नाही. खेड घाटासारख्या उतारावर गिअर काढला आणि खालचा बसला नाही, तर भरलेली गाडी फक्त ब्रेकवर राहते, आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. खालचा गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकावा.

गॅरेजमध्ये पहिली परीक्षा फुकटची आहे. गाडी उभी, इंजिन मंद चालू. क्लच पूर्ण दाबून शांतपणे दहा आकडे मोजावेत, मग पहिला टाकावा. आवाज न होता बसला तर दोष घाईचा. दहानंतरही खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलची मोकळी चाल सुमारे एक इंच आहे का, प्लेट वाकली आहे का, पायलट बुश जाम आहे का, हे पाहावे. यात गिअरबॉक्सचा काही गुन्हा नसतो! न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, असे असेल तर पुढचे बेअरिंग किंवा काउंटर शाफ्ट संशयित. दुसरा गिअर आपोआप निसटणे ही या बॉक्सची जुनी खोड आहे. तिथे आधी बेल हाऊसिंगचे बोल्ट आणि झाकणातील गोळी-स्प्रिंग तपासावी, नंतर फोर्क व बेअरिंगची झीज.

बॉक्स उतरवण्यापूर्वी ऑइल स्वच्छ भांड्यात काढून त्यात लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला न चिकटणारी पिवळी भुकटी म्हणजे सिंक्रो रिंग किंवा बुश. चिकटणारे तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग. ही भुकटी आणि काढलेले जुने पार्ट गिऱ्हाइकाला दाखवावेत. सूरह मुतफ्फिफीन मापातल्या लबाडीविषयी आहे. आमच्या मते गजाइतकीच ती गॅरेजच्या बिलालाही लागू आहे.

दाताच्या तोंडावर बारीक बोर आली असेल तर ऑइल स्टोनने घासून चालते. तुटलेला दात वेल्डिंगने भरून कानस मारणे मात्र आम्हाला मान्य नाही. उष्णतेने पोलादाची कठीण कातडी जाते आणि भरलेला दात पुन्हा तुटून बाकीचे घेऊन जातो. गिअर नवा कापून घ्यायचा असेल तर फक्त दात मोजून भागत नाही. केस हार्डनिंगही करून घ्यावे. शिवाय एकमेकांत फिरणारी जोडी बदलावी. झिजलेल्या चाकाबरोबर नवे चाक बसवले तर ते आवाज करते व लवकर झिजते. जोडणी करताना काउंटर शाफ्टचे नीडल रोलर मोजून, ग्रीसमध्ये चिकटवून बसवावेत. झाकणातील इंटरलॉकची पिन विसरू नये. ती राहिली तर दोन गिअर एकदम लागून बॉक्स जाम होऊ शकतो.

ऑइल ९० नंबरचे, पण डब्यावर जीएल-४ पाहून घ्यावे. जीएल-५ मधील गंधकाचे रसायन पितळी रिंगांना मानवत नाही. मागच्या ट्रान्सफर बॉक्सची पातळीही तपासावी, कारण या जीपमध्ये ऑइल एका बॉक्समधून दुसऱ्यात झिरपते. एक कमी आणि दुसरा काठोकाठ भरलेला सापडतो, आणि मालक मात्र गळती शोधत जमिनीवर पाहत बसतो. दुरुस्तीनंतर शे-दोनशे किलोमीटर झाले की पहिले ऑइल काढून पुन्हा चुंबक फिरवावे आणि मग नवे भरावे.