आधी दोरी, मग कात्री

अगं, बचतगटाच्या बायकांना कापडी पॅड शिवायला शिकवायचं म्हणतेस ना? मग ती कात्री ठेव बाजूला आणि बस जरा. शिवणाची काळजी तू करूच नकोस. जिने चार ब्लाउज शिवलेत, ती पहिल्याच दुपारी पॅड शिवून दाखवते. पायमशीन नसलं तरी धावदोऱ्यावर निभतं. घोडं अडतं ते नंतर. धुतलेलं पॅड वाळत कुठे घालायचं?

आपल्याकडे ते मोरीच्या कोपऱ्यात, नाहीतर दोरीवरच्या परकराखाली दडवलेलं असतं. ऊन नाही, वारा नाही, दमट असतानाच पुन्हा घ्यायचं. मग खाज येते, पुरळ येतं आणि शिव्या खातं कापड. पापड-कुरडयांना आपण अख्खी गच्ची देतो गं, याला हातभर ऊन नाही! म्हणून पहिल्या दिवशी बेतायला बसूच नकोस. कोण कुठे वाळवतं ते बोलतं कर. आणि सासवांना आवर्जून बोलाव. अंगणातल्या दोरीवर काय घालायचं हे सून ठरवत नाही, तुला मी वेगळं सांगायला नको.

‘नवीन काहीतरी आणलंय’ असा आवही आणू नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते २४ वयाच्या जवळजवळ निम्म्या मुलींनी कापड वापरतो असं सांगितलंय. त्यांना कापड तुझ्याइतकंच कळतं.

मुलींसाठी मात्र नमुना विचारपूर्वक निवड. ‘डेज फॉर गर्ल्स’ नावाची एक संस्था २००८ मध्ये केनियातल्या अनाथाश्रमातल्या मुलींमुळे सुरू झाली. पाळीत त्या मुली खोलीतच पुठ्ठ्यावर बसून राहायच्या. या संस्थेच्या पॅडमध्ये आतली घडी सुटी असते. उलगडली की चौकोनी फडकं, दोरीवर टाकलं तर रुमालच वाटावा. फुलाफुलांचं कापड घेतात, म्हणजे डागही डोळ्यावर येत नाही. मला ही युक्ती फार आवडते. लाज एका बैठकीत जात नाही, तोवर मुलीला ऊन तरी मिळतं. शिवाय एकेरी कापड लवकर वाळतं. सहा पदर एकत्र शिवलेलं जाड पॅड वरून कोरडं लागतं आणि आत ओलंच राहतं.

शिवताना दोनच गोष्टींवर डोळा ठेव. नवं कापड आधी धुऊन घ्यायचं, नाहीतर खळीमुळे ते शोषत नाही आणि शिवल्यावर आटून पॅड वेडंवाकडं होतं ते वेगळंच. खाली पाणी न झिरपणारं कापड लावणार असशील तर त्याला मधे टाचणी टोचू देऊ नकोस, प्रत्येक भोकातून गळतं. बाकी पंख, टिचबटणं त्यांचं त्या बघतील.

धुताना आधी गार पाणी. गरम पाण्याने रक्ताचा डाग कापडात पक्का बसतो. मग साबण, मग कडक ऊन. पावसाळ्यात सुती घडीवर इस्त्री फिरवायला सांग, पण झिरपत नाही त्या कापडावर नको, ते वितळतं.

आणि एक. गटातल्या काही जणी ऊसतोडीला जात असतील. त्यांना आग्रह करू नकोस. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या त्यांच्या झोपडीवर, प्यायचं पाणीच लांबून आणावं लागतं, तिथे पॅड धुणार कशाने? एक दिवस खाडा केला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीतही फडात उभं राहायचं. पाळीने काम बुडू नये म्हणून बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली वाचल्या होत्यास ना? फडावर त्यांना विकतचं पॅडच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. मग कुणी तुला ‘पर्यावरणाचं काय’ म्हणून विचारलं, तर त्याला एक हंगाम कोपीवर राहून यायला सांग. त्या बायका उन्हाळ्यात गावी परततात. त्यांची शिकवणी तेव्हा घे, ऊनही भरपूर असतं.