न्याय आणि सूड

आपल्यावर किंवा आपल्या माणसावर अन्याय झाला म्हणजे मनात दोन इच्छा एकदम उभ्या राहतात. एक म्हणते, 'मला न्याय मिळाला पाहिजे.' दुसरी म्हणते, 'ज्याने मला दुखविले, त्यालाही तसेच दुःख झाले पाहिजे.' वरवर पाहिले तर या दोन्ही इच्छा सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. परंतु त्यांचे स्वभाव अगदी निराळे आहेत. पहिलीला सत्य हवे असते. दुसरीला सत्याची पर्वा नसते. हा भेद ओळखणे मोठ्या माणसांनाही कठीण जाते. एका प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीत मात्र तो एका लहान मुलीच्या डोळ्यांनी आपल्याला दिसतो. त्या कादंबरीचे नाव 'टू किल अ मॉकिंगबर्ड'.

ही कादंबरी हार्पर ली या लेखिकेने लिहिली. तिचा जन्म १९२६ साली अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, मन्रोव्हिल नावाच्या छोट्या गावी झाला. तिचे वडील वकील होते. १९६० साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. लेखिका २०१६ साली निवर्तली. पण तिचे पुस्तक आजही जगभर वाचले जाते.

कथा समजण्यासाठी त्या प्रदेशाची थोडी माहिती हवी. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना व त्यांच्या मुलाबाळांना गुलाम म्हणून कापसाच्या शेतांत राबविले जात असे. मोठ्या यादवी युद्धानंतर, १८६५ साली, ही प्रथा कायद्याने बंद झाली. दास्य नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील त्या सज्जनांविषयी महात्मा जोतीराव फुले यांना इतका आदर वाटला, की त्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांना अर्पण केला. परंतु बेड्या तुटल्या तरी मने मोकळी झाली नाहीत. दक्षिणेत गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. पाण्याचे नळ वेगळे, गाडीतील जागा वेगळ्या, असे नियम पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

कादंबरीतील मेकोम हे गाव काल्पनिक आहे आणि काळ १९३० नंतरच्या दशकातला आहे. स्काउट नावाची चुणचुणीत मुलगी, तिचा थोरला भाऊ जेम आणि त्यांचे वडील ॲटिकस फिंच, असे हे कुटुंब. आई लहानपणीच वारलेली. घर सांभाळणारी कॅल्पर्निया ही कृष्णवर्णीय बाई मुलांना मायेने आणि तितक्याच धाकाने वाढवीत असते. शेजारच्या घरात बू रॅडली नावाचा एक मनुष्य वर्षानुवर्षे दाराआड राहतो. त्याच्याविषयी गावात नाना भयंकर गोष्टी पसरलेल्या असतात.

मुलांना छऱ्यांची बंदूक मिळते, तेव्हा वडील त्यांना एकच गोष्ट बजावतात : मॉकिंगबर्डला मारणे हे पाप आहे. हा पक्षी इतर पक्ष्यांच्या सुरांची हुबेहूब नक्कल करतो. तो पिकाची नासाडी करीत नाही, कोणाला त्रास देत नाही, केवळ गातो. जो कोणाचेही वाईट करीत नाही, त्याला इजा करू नये, हा त्या शिकवणुकीचा अर्थ. आणि कादंबरीचे नावही त्यावरूनच आले आहे.

पुढे गावात एक खटला उभा राहतो. बॉब यूएल नावाचा एक गोरा, आळशी व मद्यपी मनुष्य असा आरोप करतो, की टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय तरुणाने आपल्या मुलीवर अत्याचार केला. टॉमची बाजू न्यायालयात मांडण्याचे काम ॲटिकस यांच्याकडे येते. गावातील पुष्कळ गोरे लोक त्यांच्यावर रुष्ट होतात. शाळेत मुले स्काउटला हिणवतात. एके रात्री तर एक जमाव टॉमला तुरुंगातून ओढून नेण्यासाठी येतो. ॲटिकस एकटेच दारात बसलेले असतात. मुले तेथे धावत जातात. स्काउटला जमावात आपल्या वर्गमित्राचे वडील दिसतात. ती त्यांना नावाने हाक मारते आणि त्यांच्या मुलाची विचारपूस करू लागते. तो मनुष्य खजील होतो आणि सगळ्यांना घेऊन परत जातो. जमावाला चेहरा नसतो. पण एखाद्याला त्याच्या नावाने हाक मारली, की तो पुन्हा माणूस होतो.

न्यायालयात सत्य हळूहळू उघड होते. त्या मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार लागलेला होता. समोरून मारणारा मनुष्य डावखुरा असला पाहिजे, हे त्यावरून दिसत होते. ॲटिकस बॉब यूएलला आपले नाव लिहावयास सांगतात, आणि तो ते डाव्या हाताने लिहितो. टॉमचा डावा हात तर लहानपणीच सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला असतो. शिवाय डॉक्टरला कोणी बोलाविलेलेच नसते. टॉमचा अपराध इतकाच, की त्या एकाकी मुलीची दया येऊन तो तिला घरकामात मदत करीत असे. काळ्या माणसाने गोऱ्या मुलीची कीव करावी, हेच मुळी त्या समाजाला सहन होण्यासारखे नव्हते.

ज्यूरीचे बाराही सभासद गोरे होते. पुष्कळ तास विचार करून त्यांनी टॉमला दोषी ठरविले. जेमच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले. पुरावा डोळ्यांसमोर असताना असा निर्णय कसा लागला, हे त्याला समजेना. ॲटिकस न्यायालयातून निघाले, तेव्हा वरच्या सज्जात बसलेले सारे कृष्णवर्णीय लोक त्यांच्या आदरार्थ उभे राहिले. वरच्या न्यायालयात दाद मागण्याची आशा अजून शिल्लक होती. पण टॉमला गोऱ्यांच्या न्यायाचा भरवसा उरला नव्हता. तुरुंगाच्या कुंपणावरून पळून जाण्याचा त्याने प्रयत्न केला आणि पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी तो ठार झाला. त्याला सतरा गोळ्या लागल्या होत्या.

येथे कोणत्याही विचारी विद्यार्थ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो : खटला तर बॉब यूएलने जिंकला, मग सूड घेण्याची इच्छा त्यालाच का झाली? याचे उत्तर असे, की निकाल त्याच्या बाजूने लागला, तरी त्याचे खोटे सर्वांना कळून चुकले होते. गावाने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, केवळ त्याच्या कातडीच्या रंगाची बाजू घेतली. ही अपमानाची जाणीव त्याला जाळू लागली. तो ॲटिकस यांच्या तोंडावर थुंकला. टॉमच्या विधवा पत्नीला वाटेत त्रास देऊ लागला. आणि अखेर एका अंधाऱ्या रात्री, शाळेतील कार्यक्रमाहून परतणाऱ्या दोन मुलांवर त्याने सुरी घेऊन हल्ला केला. सूड नेहमी दुबळ्याला शोधतो. ज्या वकिलाने त्याचे खोटे उघडे पाडले, त्याच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य त्याला नव्हते. म्हणून त्याने मुलांना गाठले. जेमचा हात मोडला. स्काउट तिच्या अंगावरील तारेच्या जाळीच्या पोशाखामुळे वाचली. आणि दोघांना सोडविण्यासाठी धावून आला तो कोण? ज्याला गाव राक्षस समजत होते, तो बू रॅडली! त्या झटापटीत बॉब यूएल सुरीच्या घावाने मरण पावला.

दुसरा प्रश्न जेमविषयीचा आहे. सूड केवळ दुष्ट माणसेच घेतात काय? तसे नाही. खटल्यापूर्वी शेजारच्या एक आजारी वृद्ध बाई, श्रीमती ड्यूबोस, जेमच्या वडिलांना टॉमची बाजू घेतल्याबद्दल वाईट शब्द बोलतात. रागाच्या भरात जेम त्यांच्या बागेतील कॅमेलियाच्या सगळ्या फुलझाडांचे शेंडे तोडून टाकतो. त्याचा राग खरा होता, कारणही खरे होते; पण झाडांनी काय केले होते? वडील त्याला त्या बाईंकडे पाठवितात. महिनाभर आणि वर आणखी आठवडाभर, रोज त्यांना पुस्तक वाचून दाखविण्याची शिक्षा त्याला भोगावी लागते. त्यांच्या मृत्यूनंतर त्याला कळते, की दुखण्यामुळे जडलेले मॉर्फिनचे व्यसन सोडण्यासाठी त्या शेवटच्या दिवसांत असह्य वेदना सोशीत होत्या. त्यांचे बोलणे त्यामुळे योग्य ठरत नाही. परंतु ज्याचा आपण सूड घेऊ पाहतो, त्या माणसाचे संपूर्ण जीवन आपल्याला ठाऊक नसते, एवढे मात्र जेम शिकतो.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यालाच शांत राहावयास सांगणे हा दुसरा अन्याय नव्हे काय? हा प्रश्न अगदी रास्त आहे. तोंडावर थुंकले असताही ॲटिकस शांत राहू शकले. पण ते गोरे होते, सुशिक्षित होते, त्यांच्या पाठीशी कायदा होता. टॉमची पत्नी हेलन हिच्या मनात काय चालले असेल? कॅल्पर्निया रात्री आपल्या घरी गेल्यावर काय बोलत असेल? कादंबरी हे फारसे सांगत नाही, कारण ती एका गोऱ्या मुलीच्या तोंडून सांगितलेली आहे. अनेक वाचकांनी ही उणीव दाखविली आहे आणि ती ध्यानात ठेवूनच हे पुस्तक वाचले पाहिजे.

मात्र सूड न घेणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. इतिहासच याची साक्ष देतो. १९३१ साली याच अलाबामा राज्यात, स्कॉट्सबरो येथे, नऊ कृष्णवर्णीय मुलांवर असाच खोटा आरोप ठेवण्यात आला. त्यांतील काही तर तुमच्याहून थोडीच मोठी होती. गोऱ्या ज्यूरींनी आठ जणांना मृत्युदंड सुनावला. त्यांच्या बाजूने वकील लढले, देशोदेशी निषेध झाला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ व १९३५ साली त्या शिक्षा रद्द ठरविल्या. कोणालाही फाशी झाली नाही. परंतु निरपराध मुलांच्या आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. त्यांपैकी उरलेल्या तिघांची नावे अलाबामा राज्याने २०१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, निष्कलंक केली. न्याय आला, पण किती उशिरा!

पुढे १९५५ साली त्याच राज्यातील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या बाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला. त्यांना अटक होताच तेथील कृष्णवर्णीय लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. ३८१ दिवस ते पायी चालले. पण एकाही बसला त्यांनी आग लावली नाही. या चळवळीचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांनी महात्मा गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला होता. अखेर १९६४ साली वर्णभेदाला बंदी करणारा कायदा अमेरिकेत झाला. हाताची मूठ न उगारताही अन्यायाचा हात धरता येतो, हे या लोकांनी दाखवून दिले.

आता कथेचा शेवट पाहा. आपल्या मुलाच्या हातून बॉब यूएल मेला असावा, असे ॲटिकस यांना प्रथम वाटते. तरीही ते म्हणतात, की हे प्रकरण लपविता कामा नये. न्यायालयात त्याची चौकशी झाली पाहिजे. दुसऱ्याच्या मुलाला लागू असलेला कायदा आपल्याही मुलाला लागू असला पाहिजे, ही त्यांची निष्ठा! पण गावचा पोलीस अधिकारी निर्णय देतो, की यूएल स्वतःच्याच सुरीवर पडून मेला. लाजाळू बू रॅडलीला लोकांच्या कुतूहलापासून वाचवावे, हा त्याचा हेतू असतो. बूला लोकांसमोर ओढणे म्हणजे मॉकिंगबर्डला मारण्यासारखेच आहे, हे स्काउटला बरोबर समजते. त्या अधिकाऱ्याचे वागणे योग्य होते काय? यावर थोरांचेही एकमत नाही. तुम्हीही घाईने उत्तर देऊ नका.

त्या रात्री स्काउट बूला त्याच्या घरी पोहोचविते आणि त्याच्या ओसरीवर क्षणभर उभी राहते. तेथून तिला आपलीच गल्ली निराळी दिसते. इतकी वर्षे याच ठिकाणाहून कोणीतरी आपल्याला मायेने पाहत होते, हे तिला उमगते. न्यायाची सुरुवात अशा ठिकाणी उभे राहण्यापासूनच होते. आणि सुडाला मात्र दुसऱ्याच्या ओसरीवर क्षणभरही उभे राहवत नाही.

अभ्यास

१. टॉम रॉबिन्सन निर्दोष होता, हे कोणकोणत्या गोष्टींवरून दिसते?
२. खटला जिंकूनही बॉब यूएलला सूड का घ्यावासा वाटला?
३. जेमने केलेली कृती आणि बू रॅडलीने केलेली कृती यांत कोणता फरक आहे?
४. 'सूड न घेणे म्हणजे गप्प बसणे नव्हे.' हे विधान पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
५. पोलीस अधिकाऱ्याचा निर्णय तुम्हाला पटतो काय? आपले मत कारणांसह आठ-दहा ओळींत लिहा.
६. हेलन रॉबिन्सन हिने आपले मनोगत सांगितले असते, तर ते कसे असते? कल्पनेने लिहा.